पतंगाचे भाग आणि साहित्य : कामटीपासून कार्बनच्या काडीपर्यंत



श्रावण आला की फलटण भागात नागपंचमीचे पतंग दिसू लागतात आणि मुलांचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर जातं. मग पतंगाचाच पाठ घेऊ या! टेबलावर एक पतंग ठेवा आणि एकच प्रश्न विचारा : "हा भाग याच वस्तूचा का केला असेल?"

१) आपला साधा पतंग

- कागद : पातळ पतंगी कागद. हलका असतो, वारा अडवतो; पण एका सरीत भिजून फाटतो.
- उभी काडी : बांबूची ताठ कामटी. हा पतंगाचा कणा.
- कमान : तासून बारीक केलेली लवचिक कामटी. दोरा ताणलेला असताना वाऱ्याच्या दाबाने ती मागे वाकते आणि पतंग स्थिर राहतो. ढील दिली की ती सपाट होते, पतंग गिरकी घेतो. पुन्हा ओढला की तोंड असेल तिकडे धावतो. कमानीची लवचिकता हेच त्याचं सुकाणू!
- मंगळसूत्र (कन्नी) : पतंग वाऱ्याला किती तिरपा राहील, हे यावर ठरतं. वरचा दोरा बोटभर आखूड-लांब करून मुलांनाच फरक पाहू द्या.

२) स्टंट पतंग

१९७२ साली इंग्लंडच्या पीटर पॉवेल यांनी दोन दोऱ्यांनी वळवता येणारा पतंग बनवला आणि तो खूप गाजला. उजवा दोरा ओढला की पतंग उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे. इथे वळवण्याचं काम दोरे करतात, म्हणून सांगाडा ताठ लागतो. काड्या फायबरग्लासच्या किंवा पोकळ कार्बनच्या असतात. कापड रिपस्टॉप नायलॉनचं किंवा पॉलिएस्टरचं. त्यात जाड धाग्यांची चौकट विणलेली असते, त्यामुळे फाटलं तरी चीर पुढे सरकत नाही.

मुलांना हे लांबचं वाटेल. मग त्यांना साताऱ्यातल्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावरच्या किंवा सांगलीतल्या ढालगावच्या पवनचक्क्या आठवायला सांगा. त्यांची पातीही मुख्यतः फायबरग्लासचीच. कारण तेच : हलकं हवं आणि ताठही हवं.

३) दोरा : सर्वांत महत्त्वाचा भाग

सुती दोरा जास्त ताण आला की तुटतो, मातीत पडला की कुजतो. नायलॉन मांजा सहज तुटत नाही आणि कुजतही नाही. म्हणूनच तो दुचाकीवाल्याचा गळा चिरतो आणि झाडावर वर्षानुवर्षं लटकून पक्ष्यांचे पंख अडकवतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली. तरीही तो मुलांच्या हाती येतोच. "वापरू नका" एवढं सांगून भागत नाही. कारण कळलं, तर मूल दुकानात स्वतःहून नको म्हणेल.

कृती : शाळेच्या बागेत सुती दोरा आणि साधा नायलॉन दोरा (मांजा नव्हे!) शेजारी शेजारी पुरा. दोन महिन्यांनी उकरून पाहा आणि निरीक्षण वहीत लिहून घ्या.

चर्चेसाठी प्रश्न

१. कमान ताठ केली तर साधा पतंग कसा उडेल?
२. तारेवर अडकलेला पतंग का काढायचा नाही?
३. दोरा मजबूत असणं नेहमीच चांगलं असतं का?

तिसऱ्या प्रश्नाला थोडा जास्त वेळ द्या. घरी पालकांनीही तो जरूर विचारावा.