भाग बदलण्याआधी जोड तपासा

जुन्या मोटारहोममधली प्रत्येक वायर दोन-तीन मालकांच्या हाताखालून गेलेली असते. कुणी जादा दिवे लावलेले असतात, कुणी छतावर सोलर पॅनेल चढवलेलं असतं, कुणी रेडिओ काढताना मागची वायर तशीच कापून सोडलेली असते. कंपनीचा नकाशा आणि प्रत्यक्ष गाडी यांचा मेळ केव्हाच सुटलेला असतो. म्हणून अशा गाडीत काही बंद पडलं की ‘तो भाग गेला’ म्हणत नवा आणायची घाई करू नये. बहुतेक वेळा यंत्र धडधाकट असतं. त्याच्यापर्यंत वीज पुरेशी पोचत नसते, किंवा पोचलेल्या विजेला परतीची वाट मोकळी नसते.

आम्ही अमेरिकेत, मिनेसोटात राहतो. आमची मोटारहोम नव्वदच्या दशकातली, व्हॅनच्या चेसिसवर बांधलेली, आमच्याकडे येण्याआधी दोन घरांत नांदलेली. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटाखालचं लोखंड खात राहतं. ज्या लोखंडाला वायरी बोल्टने आवळलेल्या असतात, तेही त्यातून सुटत नाही.

पुढचं समजायला गाडीतल्या विजेची मांडणी माहीत हवी. इंजिनाची बॅटरी वेगळी आणि घराची वेगळी. दिवे, पाण्याचा पंप, गॅसच्या हीटरचा पंखा ही सगळी मंडळी घराच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. कॅम्पमध्ये खांबावरची वीज जोडली की १२० व्होल्ट गाडीत येतात. त्यावर एअर कंडिशनर आणि मायक्रोवेव्ह चालतात, आणि कन्व्हर्टर नावाची पेटी त्याच विजेतून १२ व्होल्टची बाजू सांभाळते, बॅटरीही भरते. इंजिन चालू असताना हे भरण्याचं काम अल्टरनेटर करतो.

हीटर पेटेना

सप्टेंबरात आम्ही यलोस्टोनला गेलो होतो. तिथल्या बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये गाडीला वीज जोडायची सोय नाही. फिशिंग ब्रिजचा तळ तेवढा अपवाद. रात्री पारा शून्याखाली गेला. हीटर लावला की पंखा फिरायचा, पण ज्योत पेटायचीच नाही. थोड्या वेळाने सगळं आपोआप बंद. वाटेत एका वर्कशॉपने हीटरचा कंट्रोल बोर्ड बदलून दिला. तिथे हीटर झकास चालला, बिल भरून आम्ही निघालो आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा तोच प्रकार.

‘‘अगं, बॅटरी तर नवी आहे, बोर्डही नवा, मग राहिलं काय?’’ नवरा म्हणाला. राहिलं होतं वायरिंग.

हीटर वर्कशॉपमध्ये का चालला, यातच अर्धं उत्तर होतं. तिथे गाडी खांबावरच्या विजेला जोडलेली होती. कन्व्हर्टर साडेतेरा व्होल्टच्या आसपास देतो, त्यामुळे वाटेत दीड-दोन व्होल्ट गळाले तरी हीटरचं भागतं. नुसत्या बॅटरीवर मात्र तेवढी गळती परवडत नाही. या हीटरमध्ये सेल स्विच नावाची एक पातळ पट्टी असते. पंख्याची हवा पुरेशी जोरात आली तरच ती उचलली जाते आणि पुढे ज्योत पेटवायची परवानगी मिळते. व्होल्ट कमी, म्हणून पंखा मंद. पंखा मंद, म्हणून पट्टी जागची हलत नाही. हीटर पेटत नव्हता, कारण त्याची सुरक्षेची यंत्रणा चोख काम करत होती.

लोड चालू ठेवून मोजा

मी मल्टिमीटर घेऊन बसले. हीटर बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि हीटरच्या टर्मिनलवरही १२.६. इथेच माणूस फसतो. करंट वाहत नसेल तर खराब जोडही पूर्ण व्होल्ट दाखवतो. वायरीच्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक राहिली असली तरी मीटर १२.६ दाखवील. मीटरला नगण्य करंट लागतो, पंख्याला ७-८ अँपिअर लागतात.

म्हणून पंखा चालू करून पुन्हा मोजलं. बॅटरीवर १२.४, हीटरवर १०.४. दोन व्होल्ट वाटेत नाहीसे झाले होते. ते कुठे गेले हे शोधायला मीटरच्या एका टोकाला लांब वायर जोडली. आधी बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून हीटरच्या पॉझिटिव्हपर्यंत मोजलं: ०.२ व्होल्ट. एवढ्या लांबीला हे चालतं. मग बॅटरीच्या निगेटिव्हपासून हीटरच्या निगेटिव्हपर्यंत: १.८ व्होल्ट. चोर परतीच्या वाटेवर होता.

आपण पॉझिटिव्ह वायर, फ्यूज, स्विच सगळं तपासतो आणि निगेटिव्हकडे पाहतही नाही, कारण ती गाडीच्या लोखंडातून परतते आणि लोखंड तर सगळीकडेच आहे. पण त्या लोखंडापर्यंत वीज पोचते ती एका बोल्टमधून. आमचा बोल्ट पायरीच्या मागे, बॅटरीच्या खणाखाली होता. त्यावर चार-पाच लग, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्या, एकावर एक आवळलेले. वरून बोल्ट घट्ट होता. उघडल्यावर मात्र लगच्या खाली रंगाचा थर, त्याखाली तपकिरी गंजाचे पापुद्रे, आणि तांब्याच्या तारांवर लगच्या आतपर्यंत हिरवं कीट चढलेलं. ८ अँपिअरला १.८ व्होल्ट म्हणजे त्या एका जोडावर सुमारे १४ वॅटची उष्णता. हीटरला हवी ती वीज बोल्ट तापवण्यात जात होती.

काम सोपं होतं. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली. तारेच्या ब्रशने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं. कीट चढलेला वायरीचा भाग कापून कलई केलेले नवे लग क्रिंप केले, त्यावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि शेवटी वरून रंग दिला. रंग नेहमी आवळल्यानंतर द्यायचा, आधी नाही. परत मोजलं तेव्हा निगेटिव्हच्या बाजूची घट ०.१ व्होल्ट होती आणि हीटर पहिल्या फटक्यात पेटला.

फ्यूज वायरीसाठी असतो

त्याच निमित्ताने मी सगळी गाडी तपासली, आणि थंडीपेक्षा मोठं संकट पलंगाखाली सापडलं. आधीच्या कुणीतरी पंपाची वायर पिळून, टेप गुंडाळून पुढे वाढवली होती. फ्यूज वारंवार उडत असणार, म्हणून १५ अँपिअरच्या निळ्या फ्यूजच्या जागी ३० अँपिअरचा हिरवा बसवलेला. वायरीचं आवरण जोडापाशी तपकिरी पडून कडक झालं होतं आणि जवळच प्लायवुड होतं.

फ्यूज पंपाला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. अमेरिकन मापाच्या १४ गेज वायरीला १५ अँपिअर, १२ गेजला २०, १० गेजला ३० ही मर्यादा पाळावी. फ्यूज उडतो तेव्हा तो आपलं काम करत असतो. मोठा फ्यूज घातला की उडायची पाळी वायरीवर येते, आणि वायर उडते म्हणजे आग लागते.

रंगांवरही भिस्त ठेवू नका. मोटारीच्या भागात काळी वायर सहसा निगेटिव्ह असते. घराच्या भागात, १२ व्होल्टच्याच बाजूला, पुष्कळदा काळी पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह असते. आणि १२० व्होल्टच्या बाजूला काळी म्हणजे थेट फेज. तिन्ही काळ्या वायरी एकाच कपाटामागे भेटू शकतात. हात लावण्याआधी मीटर लावा.

१२० व्होल्टशी खेळ नको

१२ व्होल्टचं काम सावधपणे घरी करता येतं. १२० व्होल्टचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. पण तीन गोष्टी मालकाला माहीत हव्यातच.

पहिली, गाडीच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडायचे नसतात. ते वीज येते त्या ठिकाणीच जोडलेले असतात. जुन्या गाडीत कुणी हे आतच जोडून ठेवलं असेल तर खांबावरचं गळतीसंरक्षण सारखं उडतं, आणि अर्थची वाट तुटली तर गाडीचं सबंध अंग जिवंत होऊ शकतं. ओल्या जमिनीवर उभं राहून दाराची कडी धरणाऱ्यावर ते बेतू शकतं. दाराला हात लावून झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी दूर व्हा, कोरड्या हातांनी खांबावरचा ब्रेकर पाडा, प्लग काढा आणि गाडी तपासून होईपर्यंत जोडू नका.

दुसरी, घराबाहेर गाडीसाठी ३० अँपिअरचं सॉकेट बसवून घेताना ‘१२० व्होल्ट’ हे कागदावर लिहून द्या. ३० अँपिअर म्हटलं की काही वायरमन कपडे वाळवण्याच्या मशीनसारखं २४० व्होल्टचं कनेक्शन देतात. प्लग लावण्याआधी सॉकेट मोजलं नाही तर गाडीतली यंत्रं एका क्षणात जळतात.

तिसरी, पॅनेल उघडण्याआधी खांबावरचा प्लग, जनरेटर आणि इन्व्हर्टर हे तिन्ही बंद करा. एक विसरला तरी वायर जिवंत राहते.

शोध कसा घ्यावा

बिघाड दिसला की आधी एवढं लिहून काढा: तो नुसत्या बॅटरीवर होतो, की खांबावरच्या विजेवर, की इंजिन चालू असताना? बॅटरीवर होतो आणि इतर दोन वेळा होत नाही, तर पहिला संशय दमलेल्या बॅटरीवर आणि खराब जोडांवर घ्या. धडधाकट बॅटरी, भरून थोडा वेळ विसावल्यावर, १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे ती अर्धी रिकामी झाली. बॅटरी ठीक असेल तर लोड चालू ठेवून दोन्ही बाजूंची घट मोजा. घट जिथे एकदम वाढते तिथेच बिघाड असतो. दणके बसून ढिले झालेले जोड, वायरीला चिमटा काढून बसवलेले निळे-लाल कनेक्टर, उंदरांनी कुरतडलेली आवरणं, बॅटरीचे आणि चेसिसचे बोल्ट या जागा आधी पाहा. आणि जे दुरुस्त कराल त्याचा नकाशा वहीत काढा, वायरीला चिठ्ठी बांधा. पुढच्या माणसावर तुमचे उपकार होतील.

महाराष्ट्रातही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं, आणि जुन्या बस-टेम्पोंची घरं करणारेही आहेत. तिथे आत २३० व्होल्ट येतात, म्हणजे धोका आणखी मोठा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग असल्याशिवाय अशा गाडीत लेकराबाळांना झोपवू नका.

जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: पडदे आणि गाद्या बदलण्याआधी एक बरा मल्टिमीटर घ्या, पहिल्या सुट्टीच्या दिवशी गाडीखाली शिरा आणि निगेटिव्हचा प्रत्येक बोल्ट उघडून, घासून, पुन्हा आवळा. हे केल्याशिवाय मुक्कामाला निघू नका.