भूक मारणारी मिश्री

ऊसतोडीच्या हंगामात पहाटे चूल पेटवायला सवड नसते. मुकादमाची हाक आली की कोयता घेऊन फडात जायचं. आमच्या टोळीतल्या बाया तेव्हा बोटावर भाजलेल्या तंबाखूची मिश्री घ्यायच्या, मीही घ्यायचे. ती हिरड्यांवर फिरली की दुपारपर्यंत भूक आठवत नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत हाती रोकड नसल्यानं भाकरी, चटणी आणि गोडमिट्ट कोऱ्या चहावर दिवस निघायचे. भाजी बाजाराच्या दिवशी, तीही जमलं तर.

हिरड्या सुजल्या, थुंकीत रक्त दिसू लागलं. सासूबाई म्हणाल्या, उष्णता झालीय, सब्जा घे. पुढे खालचे दात हलू लागले. भाकरी चावेना म्हणून ती चहात बुडवायची, म्हणजे साखर आणखी वाढली. जेवण तुटपुंजं म्हणून हिरड्या खचल्या, आणि हिरड्या खचल्या म्हणून जेवण आणखी आटलं.

सरकारी दंत महाविद्यालयातल्या मॅडमनी दात बघण्याआधी विचारलं, "फळ कधी खाल्लं होतंत?" मला सांगता येईना. त्यांनी समजावलं, सी जीवनसत्त्व मिळालं नाही की हिरड्या नाजूक होतात, जखम भरत नाही. तंबाखू हिरड्यांचा रक्तपुरवठा आखडते, वर भूकही मारते. रेशनवर महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं, त्यानं पोट भरतं. पण गहू-तांदळात हे जीवनसत्त्व नसतं.

म्हणून बायांनो, हंगामातच आवळा आणि पेरू येतात, ते सोडू नका. लिंबू भाजी शिजल्यावर पिळा, उकळीत त्याचा कस जातो. मटकीला मोड आणून थोडी कच्ची खा. रेशनकार्ड गावी पेटीत ठेवू नका. तोडीच्या गावातल्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं. दुकानदार टाळाटाळ करेल, हटू नका. रक्त येतं म्हणून घासणं थांबवायचं नाही, मऊ ब्रशनं हलकेच घासायचं. साचलेलं कीटण ब्रशनं निघत नाही, ते दवाखान्यातच काढावं लागतं. कीटण काढल्यानं दात ढिले होतात ही भीती खोटी. कीटण निघून सूज उतरली की फटी दिसतात, एवढंच. हिरड्या बऱ्या होईनात तर रक्तातली साखर तपासा, मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात.

आणि चावता येत नसेल तोवर भाकरी आमटीत कुस्करा, चहात नको.