विण्याआधीची बाटली

विऊन दुसरा दिवस उजाडला तरी गाय उठेना, मान कुशीकडे वळवून बसली, कानाला हात लावला तर थंडगार, की गोठ्याशी जमलेले सगळे लगेच निकाल देतात : मालकाची निगा कमी पडली. हे सर्वांत आधी बोलतो तो, ज्याने ‘ताकदीसाठी’ म्हणून महिनाभर आधीपासून कॅल्शियमच्या बाटल्या आपल्या गळ्यात मारलेल्या असतात. हे बोल ऐकून घेतलेल्यांपैकी मी एक आहे, त्यामुळे सूर गोड ठेवण्याचं बंधन मी पाळणार नाही. हा दुग्धज्वर, म्हणजे विल्यावर रक्तातलं कॅल्शियम कमी पडणं, पुष्कळदा नको त्या वेळी केलेल्या काळजीतून येतो. ती काळजी विकणारा मात्र नामानिराळा राहतो आणि दोष मालकाच्या माथी येतो.

हिशोब साधा आहे. मोठ्या संकरित गाईच्या रक्तात एका वेळी जेमतेम ३ ग्रॅम कॅल्शियम असतं. लिटरभर चिकात ते सुमारे २ ग्रॅम असतं. म्हणजे १० लिटर चीक निघाला की २० ग्रॅम गेलं. ही तूट हाडांतून आणि आतड्यातून भरून काढायला पॅराथायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक लागतं, आणि ही यंत्रणा पुरती कामाला लागायला एक-दोन दिवस जातात. शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियम तोंडातून भरभरून मिळत राहिलं, तर ती ग्रंथी सुस्तावते. आयतं मिळत असताना हातपाय कोण हलवतो? त्यात आपल्याकडचा आणखी एक घोळ असा : मिरगाच्या सुमारास गाभण राहिलेली गाय २८० दिवस धरले तर मार्चच्या मध्याला विते. नेमका तेव्हा पाण्याखालचा लसूणघास जोरात असतो आणि गाभण गाय म्हणून तिच्याच गव्हाणीत जास्त पडतो. लसूणघासात कॅल्शियम तर आहेच, पोटॅशियमही भरपूर. पोटॅशियम वाढलं की हाडं त्या संप्रेरकाला नीट दाद देत नाहीत. म्हणून शेवटचे तीन आठवडे लसूणघास दुभत्या गाईंना घाला. विणाऱ्या गाईला कडबा-कुट्टी, मक्याचा मुरघास आणि बेताचा खुराक द्या. खनिज मिश्रण बंद करू नका, पण दुभत्यांचं आणि विण्याआधीचं मिश्रण वेगळं असतं. पिशवीवरचा मजकूर वाचा आणि पशुवैद्यकाला दाखवूनच घ्या.

यावर ठरलेलं उत्तर येतं : आमच्या आजोबांनी असलं काही पाहिलं नाही, तरी गाई वीतच होत्या. खरं आहे. पण त्या खिल्लार नाहीतर डांगी होत्या, वासराला पाजून घरापुरतं दूध देणाऱ्या. चिकातून जाणारं कॅल्शियम त्यांच्या अंगाला पेलत होतं. दिवसाला २० लिटर देणारी होल्स्टीन संकरित गाय, त्यातही तिसऱ्या वेतापुढची, त्या हिशोबात बसत नाही. दुसरा आक्षेप जास्त चलाखीचा : डॉक्टरही कॅल्शियमच देतात ना? देतात, पण विताना आणि विल्यावर, तूट पडलेली असते तेव्हा. विल्याबरोबर तोंडावाटे दिलेला कॅल्शियमचा डोस आणि बारा ते चोवीस तासांनी दुसरा, हा जास्त दुधाच्या गाईला खरा आधार आहे. शिरेतून द्यायची बाटली मात्र स्वतः लावायच्या फंदात पडू नका. ती भरभर गेली तर गाईचं हृदय जागेवर थांबतं.

तिसरा आक्षेप विण्याआधी गाय आटवण्यावरचा, पैशाचा, आणि तो मला समजतो. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी येतं, मग पाच-सहा लिटर देणारी गाय दोन महिने आधी आटवायची कशी? पण कासेला नवं दूध बनवणाऱ्या पेशी घडवायला विश्रांती लागते, आणि ती ४० दिवसांच्या खाली गेली की पुढच्या वेताचं दूध घटतं. ते एखाद्या बिलापुरतं घटत नाही, वेतभर घटतं. म्हणून ६० दिवस धरूनच चाला. खुराक कमी करून आटवा. शेवटच्या धारेनंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सडांत औषध सोडा, म्हणजे कासदाहाची निम्मी धास्ती तिथेच मिटते.

बाकीचं सगळेच सांगतात, तरी सांगतो. जागा कोरडी ठेवा, पाणी हवं तेव्हा मिळू द्या, चैत्राच्या उन्हात सावली ठेवा, नाळेला आयोडीन लावा. वार पडेपर्यंत धार काढायची नाही आणि वासराला पाजायचं नाही, ही समजूत सोडा. चीक पहिल्या एक-दोन तासांत वासराच्या पोटात गेला पाहिजे. ३० किलोच्या वासराला पहिल्या सहा तासांत तीन लिटर हवाच. वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरला बोलवा. ती ओढू नका, तिला दगड बांधू नका.

आणि विण्याआधी कुणी बाटली पुढे केली, तर एवढंच विचारा : ही आत्ता कशासाठी? समोरच्याने उत्तरात ‘ताकद’ हा शब्द काढला, तर बाटली परत करा आणि पैसे खिशात ठेवा.