गरिबाचे घर, भिशी आणि सिमेंटचा व्यापारी

आपल्या समाजातील बरीच मंडळी बांधकामाच्या धंद्यात आहेत. कोणाचे सिमेंट-लोखंडाचे दुकान आहे, कोणी सेंट्रिंगचे सामान भाड्याने देतो, कोणी गवंडी आहे, कोणी वेल्डर, कोणी फरशी बसवणारा. या सर्वांकडे एक ठरावीक गिऱ्हाईक येते. ते एका वेळी दोन गोण्या सिमेंट, चार सळया किंवा शे-दोनशे विटा नेते आणि पुन्हा सहा महिने फिरकत नाही. बाजारात त्याला चिल्लर गिऱ्हाईक म्हणतात. बिल्डर व ठेकेदार यांच्यासाठी खुर्ची पुढे केली जाते आणि हा बिचारा काउंटरपाशी ताटकळत उभा राहतो. हे चिल्लर गिऱ्हाईकच धंद्याचा पक्का आधार असते हा हिशेब मेक्सिको देशातील एका मोठ्या सिमेंट कंपनीला मंदीने शिकवला. त्यातून तिने गरीब कुटुंबांना घरासाठी बचत करता यावी अशी एक योजना उभी केली. आपल्या व्यापारी बांधवांनी ती समजून घेण्यासारखी आहे. तीत काय घ्यावे आणि काय टाळावे हेही पाहिले पाहिजे.

सेमेक्स ही कंपनी १९०६ साली स्थापन झाली. तिचे मुख्यालय मॉन्टेरे शहरात आहे. डिसेंबर १९९४ मध्ये मेक्सिकोचे चलन, म्हणजे पेसो, एकाएकी कोसळले आणि १९९५ साल फार हलाखीचे गेले. मोठी बांधकामे ठप्प झाली व त्या बाजूची विक्री जवळजवळ निम्म्यावर आली. स्वतःचे घर स्वतःच बांधणाऱ्या गरिबांची खरेदी मात्र दहा-वीस टक्क्यांपलीकडे घटली नाही. कारण सरळ आहे. बिल्डर बँकेच्या पैशावर बांधतो, बँक थांबली की तोही थांबतो. गरीब माणूस स्वतःच्या कमाईवर बांधतो. तो हळू बांधतो, पण थांबत नाही.

कंपनीने १९९८ मध्ये आपली काही माणसे ग्वाडालाहारा शहराबाहेरील मेसा कोलोराडा या गरीब वस्तीत राहायला पाठवली. जाण्यापूर्वी त्यांनी एक लेखी कबुली तयार केली होती, तिचे नावच ‘अज्ञानाची घोषणा’ असे होते. या गिऱ्हाइकाबद्दल आम्हाला काहीही ठाऊक नाही, हा तिचा मथितार्थ. एवढ्या मोठ्या कंपनीने असे लिहून द्यावे ही गोष्ट लहान नाही. आपल्याकडे वीस वर्षे गल्ल्यावर बसलेला माणूस गिऱ्हाइकाच्या घरी एकदाही गेलेला नसतो.

त्या वस्तीत दिसले ते असे. एक खोली बांधायला सरासरी चार वर्षे लागत आणि चार खोल्यांच्या लहान घराला तेरा वर्षे. पैसा कमी होता हे खरे, पण जो होता तोही वाटेत गळत होता. हातात थोडी रक्कम आली की लोक सिमेंट घेऊन ठेवत, ते पावसाने भिजे किंवा पडून पडून दगड होई. वाळू अंगणातून वाहून जाई, विटा चोरीला जात. गवंडी अंदाजाने माल सांगे, मग काही उरे आणि काही कमी पडे. खोली कोठे काढावी, जिना पुढे कोठून न्यावा याचा विचार आधी न केल्यामुळे बांधलेली भिंत पाडावी लागे. दुकानदारही या गिऱ्हाइकाला उरलासुरला माल देई व पोहोचवायला उशीर करी.

बचतीची सवय नव्हती असेही नाही. मेक्सिकोत ‘तांदा’ नावाची पद्धत आहे. काही बायका एकत्र येतात, दर आठवड्याला ठरावीक रक्कम जमा करतात आणि पाळीपाळीने एकीला सर्व रक्कम मिळते. ही आपली भिशीच की! मात्र जी गत भिशीच्या पैशाची आपल्याकडे होते तीच तेथे होत होती. घरासाठी म्हणून भिशी लावायची आणि उचल मिळाली की ती आजारपणात, लग्नकार्यात किंवा समारंभात जायची.

या निरीक्षणावर ‘पात्रिमोनियो ओय’ ही योजना बेतली गेली. या नावाचा अर्थ आजची मालमत्ता, मुलाबाळांसाठी आजच उभी केलेली वास्तू. योजनेची सुरुवातीची रचना अशी होती. तीन कुटुंबांचा एक गट करायचा. प्रत्येकाने सत्तर आठवडे दर आठवड्याला १२० पेसो भरायचे. त्यांतील १५ पेसो सेवाशुल्क आणि १०५ पेसो मालाचे. म्हणजे एकूण भरणा ८,४०० पेसो, त्यांपैकी ७,३५० चा माल आणि १,०५० शुल्क. पहिले पाच आठवडे पैसे भरले की सुमारे दहा आठवड्यांच्या रकमेचा माल मिळे, म्हणजे निम्मा स्वतःच्या पैशाचा आणि निम्मा उधारीचा. सत्तर आठवडे मालाचा भाव बांधलेला असे. वास्तुविशारद घरची माणसे, जागा व गरजा पाहून नकाशा काढून देई आणि कोणता माल केव्हा लागेल ते सांगे. माल ठेवायला जागा नसेल तर पावती घ्यायची आणि काम निघेल तेव्हा माल उचलायचा. माल त्याच भागातील दुकानदार पोहोचवत. सभासद गोळा करण्याचे काम वस्तीतील महिलांनाच कमिशनवर दिलेले होते.

या योजनेत चार वर्षांची खोली दीड वर्षात उभी राहू लागली आणि खर्चही सुमारे एक-पंचमांशाने वाचला, असे कंपनीने सांगितले. वसुली ९९ टक्क्यांहून अधिक राहिली हाही तिचाच दावा. पुढे कोलंबिया, कोस्टारिका, निकाराग्वा व डोमिनिकन रिपब्लिक येथे ही योजना गेली आणि कंपनीच्या अहवालांनुसार पाच लाखांहून अधिक कुटुंबांपर्यंत पोहोचली. आपल्या कोइम्बतूरचे व्यवस्थापनशास्त्रज्ञ सी. के. प्रल्हाद यांनी गरिबांच्या बाजारपेठेवरील आपल्या गाजलेल्या पुस्तकात तिचा सविस्तर अभ्यास दिला, तेव्हा जगभर तिची चर्चा झाली.

कौतुक झाले तशी टीकाही झाली आणि ती वाजवी आहे. १२० मध्ये १५ म्हणजे साडेबारा टक्के शुल्क; गरिबाच्या खिशाला हे हलके नाही. ज्याची कमाई आठवड्याच्या आठवड्याला येत नाही, असा अगदी तळाचा माणूस या योजनेत शिरूच शकत नव्हता. आणि माल अर्थातच कंपनीचाच घ्यायचा.

आपल्या वाचकांच्या मनात आणखी एक प्रश्न येईल. हे शुल्क की सूद? नकाशा, मोजणी, साठवण, वाहतूक या खऱ्या कामांचा मोबदला असेल तर ती मजुरी झाली. पण त्याच शुल्कात पाच आठवड्यांच्या उधारीची किंमतही मिसळलेली असेल तर शंका राहते. माझ्या मते आपण ही गुंतागुंत मुळात करूच नये. उधारीचा भाग काढून टाकला तरी योजनेचा जीव कायम राहतो. त्या कुटुंबांना खरी गरज होती ती पैसा मालाच्या रूपात सुरक्षित राहण्याची, भाव न वाढण्याची आणि माल वेळेवर मिळण्याची. यातले कोणतेही काम करायला कर्ज द्यावे लागत नाही.

मालेगाव किंवा भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराला पगार आठवड्याला किंवा पंधरवड्याला मिळतो. समजा तो दर खेपेला पाचशे रुपये आपल्या दुकानात आणून देतो. ही रक्कम त्याच्या नावे रुपयांत जमा न करता त्या दिवशीच्या भावाने मालात मोडून लिहावी. एक गोणी सिमेंट, अमुक कंपनीचे, अमुक ग्रेडचे, वजन ५० किलो. किंवा सळई अमुक जाडीची, इतके किलो, अमुक महिन्यात देणे. पैसे आधी घेऊन माल नंतर देण्याच्या व्यवहाराला फिकहमध्ये बै-सलम म्हणतात. त्याच्या प्रमुख अटी म्हणजे किंमत पूर्ण रोख दिलेली असावी आणि मालाचा प्रकार, दर्जा, वजन व देण्याची मुदत आधी ठरलेली असावी. दर आठवड्याची खरेदी वेगळी धरली तर या अटींत ती बसवता येते. तरीही आपला कागद जाणकार मुफ्तींना दाखवूनच कामाला लागावे.

पासबुकात गोण्या व किलो लिहिण्याचा दुसरा फायदा घरच्या बाईला कळतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीच्या साध्या स्लॅबला साडेचार इंच जाडी धरली तर सुमारे दहा गोण्या सिमेंट आणि शंभर किलोच्या आसपास सळई लागते. बीम व कॉलम वेगळे. हा अंदाज आहे, मोजणी जागेवरच झाली पाहिजे. पण पासबुकात सात गोण्या जमल्या की तिला समजते, आपला स्लॅब तीन गोण्यांवर आला. रुपयांचा आकडा तिला हे सांगत नाही. शिवाय घरात लग्न निघाले तरी गोण्या खर्च करून टाकणे रुपयांइतके सोपे नसते.

आता व्यापाऱ्याची बाजू. भाव वाढला तर तोटा कोणाचा? आपलाच. म्हणून ज्या आठवड्यात पैसे आले त्याच आठवड्यात तेवढी सळई खरेदी करून वेगळी ठेवावी, ती वर्षभर टिकते. सिमेंटचे तसे नाही. तीन महिने पडून राहिले की त्याची ताकद बरीच घटते. त्यामुळे सिमेंटच्या पासबुकाची मुदत लहान ठेवावी, किंवा आधी सळई, विटा व खडी जमवावी आणि सिमेंट शेवटी घ्यावे. भाव लिहिताना तो कर वगळून लिहावा. मालाच्या आगाऊ रकमेवर जीएसटी भरावा लागत नाही, तो माल देताना बिलावर लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. अशा वेळी कराची बचत ज्याची त्याला मिळाली पाहिजे.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. पन्नास घरांचे पैसे दुकानात येऊ लागले की गल्ला भरलेला दिसतो आणि मन चळते. मुलाची गाडी, नवे गोदाम, दुसऱ्या धंद्यातील देणे, सर्व त्यातून भागवावेसे वाटते. हा पैसा अमानत आहे. त्याचे बँक खाते वेगळे हवे आणि त्यातून फक्त त्या पासबुकांतील मालाचीच खरेदी व्हावी. कायदाही इकडे डोळा ठेवून आहे. धंद्यात मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात ठेव धरली जात नाही. पण माल न दिल्याने ती परत करणे लागू झाले आणि पंधरा दिवसांत परत केली नाही, तर तीच रक्कम ठेव ठरते व प्रकरण फौजदारीपर्यंत जाऊ शकते. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदाही आहे. सोडत काढून बक्षीस देण्याचा मोह तर मुळीच नको. बक्षीस चिठ्ठ्यांवर १९७८ पासून बंदी आहे. चिठ्ठी पद्धतीची भिशी दुकानदाराने स्वतः चालवायची म्हटली तर १९८२ चा चिट फंड कायदा आडवा येतो. त्यापेक्षा मोहल्ल्यातील बायकांची भिशी त्यांचीच राहू द्यावी. ज्या बाईची पाळी आली तिने दुकानात यावे आणि माल लिहून घ्यावा, एवढाच संबंध ठेवावा.

कारागिरांना यात मोठे काम आहे. मेक्सिकोत वास्तुविशारदाने जे केले ते आपल्याकडे अनुभवी मिस्त्री आणि एखादा तरुण डिप्लोमा इंजिनिअर मिळून करू शकतात. जागा पाहणे, वरचा मजला पुढे चढवायचा असल्यास पाया व कॉलम त्या हिशेबाने सांगणे, मालाची यादी टप्प्याटप्प्याने लिहून देणे, याचा ठरावीक मोबदला घ्यावा. माल जास्त सांगून दुकानातून कमिशन घेण्याची जी चाल आहे ती या कामात आली की सगळे संपले. गिऱ्हाईक एकदाच फसते.

कोकणातील दुकानदारांसाठी आणखी एक गोष्ट. याच कंपनीने २००१ मध्ये अमेरिकेत ‘कॉन्स्ट्रुमेक्स’ नावाची सोय सुरू केली. मेक्सिकन मजुराने तेथे पैसे भरायचे आणि गावाकडे त्याच्या कुटुंबाच्या दारात सिमेंट-विटा पोहोचायच्या. खेड, महाड, चिपळूण या भागांत आखाती देशांतील कमाईवर किती घरे उभी राहिली हे आपण जाणतो. पैसा येतो, पण माणूस तिकडे असतो आणि हिशेब दुसऱ्याच्या हातात राहतो. अशा माणसाने थेट दुकानाच्या खात्यात रक्कम पाठवली आणि माल पोहोचल्याची सही व फोटो त्याला फोनवर मिळाला, तर चार पैसे जास्त देऊनही तो आपल्याकडेच येईल.

घरकुल मंजूर झालेल्यांची अडचण थोडी वेगळी असते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात मूळ रक्कम मैदानी प्रदेशासाठी १ लाख २० हजार होती. ती कामाच्या टप्प्यांनुसार हप्त्याने मिळते, म्हणजे जोता आधी आणि त्याचा हप्ता मागून. या मधल्या काळात दुकानदार उधारीवर माल देतो आणि गोणीमागे भाव चढवतो. मंजुरीची यादी लागल्याबरोबर अशा कुटुंबाला पासबुक दिले तर जोत्यापुरता माल हप्त्यापूर्वीच जमतो आणि ती चढवलेली उधारी वाचते.

सुरुवात दहा घरांपासून करावी, तीही अशा घरांपासून ज्यांची जागा कागदोपत्री स्वच्छ आहे. जागेचा वाद असेल तेथे माल देऊन उपयोग नाही. पासबुकाच्या दोन प्रती असाव्यात व दर खेपेला दोन्हींवर सही व्हावी. दर तीन महिन्यांनी मोहल्ल्यातील दोन जाणत्या माणसांना गोदामात बोलावून पासबुकांतील मालाची बेरीज आणि प्रत्यक्ष साठा व खात्यातील रक्कम त्यांच्यासमोर जुळवून दाखवावी.