पिवळं ते सगळं पितळ? जुन्या शिडाच्या होडीवरचं कासं



संमिश्रं शिकवताना आपण फळ्यावर दोन ओळी लिहितो. तांबं आणि जस्त मिळून पितळ, तांबं आणि कथील मिळून कासं. मुलं पाठ करतात, पेपरात बरोबर लिहितात आणि घरी आजी तळपायाला तूप चोळते ती काशाची वाटी दाखवली की म्हणतात, "पितळेची आहे!" पिवळसर दिसलं की पितळ, एवढंच त्यांना माहीत. दोन धातूंत फरक आहे हे सांगून भागत नाही, त्या फरकाने कुठे काय बिघडतं ते दिसलं पाहिजे. त्यासाठी मला होडीसारखं साधन दुसरं सापडलं नाही.

आपल्या भिगवणच्या मुलांना होडी नवीन नाही. डिकसळ, कुंभारगावला रोहित पक्षी बघायला येणारे पाहुणे होडीतूनच फिरतात, मासेमारीही होडीतूनच चालते. आणि २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटून सहा जण गेले, हेही आपल्या मुलांनी घरात ऐकलेलं आहे. तिथे कारण वाऱ्याचं होतं, धातूचं नव्हे. पण होडीवरची प्रत्येक गोष्ट कुणाचा तरी जीव धरून असते, हे आपल्याकडच्या मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

आता शिडाची होडी डोळ्यांसमोर आणा. वारा शीड ओढतो, शीड दोर ओढतं आणि दोर ओढतो तो होडीच्या फळ्यांवर बसवलेला दोन शिंगांचा खुंटा. याला क्लीट म्हणतात. शिवाय दोर फिरवणाऱ्या कप्प्या, दोराला वळण देणारी कडी, गोल खिडक्यांच्या चौकटी. हे सगळं सामान जुन्या चांगल्या होड्यांवर काशाचं असायचं. लोखंड स्वस्त असूनही कासं का? कारण खारं पाणी. उजनीच्या गोड्या पाण्यात लोखंड हळूहळू गंजतं, समुद्राच्या पाण्यात भराभर. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि असं पाणी वीज चांगली वाहून नेतं.

वीज कुठून आली, असं मुलं विचारतीलच. इथे एक खरी गोष्ट सांगा. १७६१ मध्ये इंग्रजांनी 'अलार्म' नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. लाकूड पोखरणारे समुद्री किडे लागू नयेत आणि तळाला शेवाळ, शिंपले चिकटू नयेत म्हणून. जहाज वेस्ट इंडीजला जाऊन आलं आणि १७६३ मध्ये तपासलं, तर तांबं ठीक होतं, पण त्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऊन गेले होते. गंमत पुढेच आहे. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद काही ठिकाणी तसाच राहिला होता. जिथे खिळा आणि पत्रा यांच्यामध्ये कागद होता तिथले खिळे बरेच शाबूत! दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांची एक छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यातला दुबळा धातू झिजत जातो. इथे दुबळं ठरलं लोखंड.

हे वर्गात करून बघता येतं. चार काचेचे ग्लास, चार लोखंडी खिळे, जुन्या वायरीतली सोललेली तांब्याची तार, थोडी जस्त चढवलेली जीआय तार आणि मीठ एवढं पुरे. नव्या खिळ्याला तेल असतं, म्हणून आधी पॉलिश पेपरने घासून साबणाने धुवा. प्रत्येक ग्लासात २०० मिली पाणी आणि एक शीगभर चमचा मीठ. (किती मीठ घेतलं तर समुद्राइतकं खारट होईल, हे गणित मुलांनाच सोडवू द्या. उत्तर ७ ग्रॅम.) पहिला खिळा तसाच. दुसऱ्याला तांब्याची तार घट्ट गुंडाळा. तिसऱ्याला आधी जाड तपकिरी कागदाचे दोन-तीन वेढे आणि त्यावर तांब्याची तार, तार खिळ्याला कुठेही टेकू द्यायची नाही. चौथ्याला जीआय तार. दोन-तीन दिवसांत दुसऱ्या ग्लासातलं पाणी सगळ्यात तांबूस होईल. तिसरा साधारण पहिल्यासारखाच राहील. चौथ्यात गंज सगळ्यात कमी असेल आणि तारेवर पांढरट थर दिसेल, कारण तिथे जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. घाई करू नका, रोज एकदा वहीत चित्र काढायला लावा. चित्र काढताना मुलं जे बघतात ते नुसतं दाखवून बघत नाहीत, हा माझा अनुभव.

चौथ्या ग्लासातच पितळेचं दुखणं कळतं. पितळेत जस्त असतं, पुष्कळदा १०० ग्रॅममागे ३५ ते ४० ग्रॅम. खाऱ्या पाण्यात हे जस्त आतून निघून जातं आणि मागे उरतं ते भुसभुशीत तांबं. वस्तूचा आकार तसाच दिसतो, फक्त रंग गुलाबीसर होतो. जोर आला की कडकन तुटते. लोखंड गंजून आधी इशारा तरी देतं! काशातलं कथील असं निघून जात नाही. घरच्या पितळी पातेल्याला आपण कल्हई करतो तीही कथलाचीच, हा धागा इथे जरूर जोडा.

पण कासंही एकच नसतं. काशाच्या वाटीत आणि देवळातल्या घंटेत कथील २० टक्क्यांच्या वर असतं. त्यामुळे नाद सुंदर येतो, पण पडली तर घंटेला तडा जातो. होडीवरच्या खुंट्याला गाणं म्हणायचं नाही, ओढ सोसायची आहे. म्हणून तिथे कथील कमी. जुनं प्रसिद्ध प्रमाण ८८ तांबं, १० कथील, २ जस्त. याच्याच तोफा ओतायचे म्हणून नाव गनमेटल, आणि आपल्या बाजारात आजही हाच शब्द चालतो.

मुंबईचं नाव इथे घ्यायलाच हवं. १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईच्या गोदीत 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका पाण्यात उतरली. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया, लाकूड सागवान. इंग्लंडच्या ओकमधलं आम्ल लोखंडाला खातं, सागवानातलं तेल उलट सांभाळतं. पारशी रिवाजाप्रमाणे तिच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला होता. ही नौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे.

मग आज कुणाला जुनी लाकडी शिडाची होडी दुरुस्त करायची असेल तर हे सामान मिळायचं कुठे? मुंबईत रे रोड स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना आहे. तिथे जहाजं तोडण्याचं काम चालत आलंय. चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जहाजाच्या खिडक्या, दिवे, घंटा मांडलेल्या दिसतात. पण तोडलेली जहाजं मोठी पोलादी असतात, त्यांचं सामान छोट्या होडीला राक्षसासारखं होतं. आणि शोभेसाठी नव्याने केलेलं पातळ पितळी सामान काळपट करून जुनं म्हणून विकलं जातं, ते निराळंच. दिवाणखान्यात ठेवा, होडीवर नको.

पारख कशी करायची? आधी चुंबक. चिकटला तर आत लोखंड आहे, वरून नुसता मुलामा. मग न दिसणाऱ्या बाजूला कानशीने जरासं घासायचं. लिंबासारखा पिवळा रंग आला तर पितळेचा संशय, तांबूस-तपकिरीकडे झुकला तर कासं असण्याची शक्यता. जुन्या वस्तूच्या आट्यांमध्ये गुलाबी डाग असेल तर सरळ परत ठेवायची. नावावर मात्र जाऊ नका. 'मँगनीज ब्राँझ' नावाने विकल्या जाणाऱ्या धातूत सुमारे ४० टक्के जस्त असतं, म्हणजे नाव काशाचं आणि जात पितळेची! खात्रीच हवी असेल तर भंगाराच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे क्ष-किरणांवर चालणारं हातातलं यंत्र असतं, ते टक्केवारी दाखवतं. आणि एवढं करून काशाचा खुंटा लोखंडी स्क्रूने बसवला, तर दुसरा ग्लास आठवा.

सामान मिळालंच नाही तर ओतून घ्यायचं. एक जुना खुंटा ओल्या वाळूत दाबून साचा करायचा आणि त्यात वितळलेला गनमेटल ओतायचा. सोपं वाटतं, पण धातू थंड होताना आकसतो. गनमेटल साधारण दीड टक्का. म्हणजे २०० मिमीच्या खुंट्यावरून साचा केला तर नवा खुंटा १९७ मिमीचा होतो आणि त्याची भोकं होडीच्या जुन्या भोकांवर बसत नाहीत. म्हणून चांगला ओतारी लाकडाचा वेगळा नमुना आधीच मोठा करून घेतो. सातवीच्या मुलांना दोन प्रश्न द्या. २०० मिमीचा खुंटा हवा असेल तर लाकडी नमुना किती लांबीचा? (सुमारे २०३ मिमी.) आणि १९७ मिमीच्या खुंट्यावरूनच पुन्हा साचा केला तर पुढचा खुंटा केवढा? बहुतेक मुलं १९४ लिहितील. तिथे थांबवून दीड टक्का कशाचा काढला ते विचारा.