ताऱ्यांच्या अभ्यासकांचे घर

प्रस्तावना

निरभ्र रात्री तारे पाहण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मात्र ताऱ्यांचे शास्त्र करायचे तर दुर्बीण, ग्रंथालय, संगणक आणि जाणकारांचा सहवास हवा. ही साधने मोजक्याच संस्थांकडे असतील, तर इतरांनी काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर पुण्यात मिळाले. ते या पाठात समजून घेऊ.

मूळ पाठ

ताऱ्याच्या प्रकाशाचे पृथक्करण केले, की त्याचे तापमान आणि त्यातील मूलद्रव्ये कळतात. अशा अभ्यासाची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. वेणू बाप्पू यांनी तमिळनाडूतील कावलूर येथे वेधशाळा उभारली. १९७७ मध्ये युरेनस ग्रहाभोवतीच्या कड्यांचा शोध लागला, तेव्हा कावलूरहूनही वेध घेतले गेले होते.

तरीही एक दरी होती. संशोधन प्रामुख्याने राष्ट्रीय संस्थांमध्ये चाले. बहुसंख्य विद्यार्थी मात्र विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत शिकत. लखनौच्या मानक नगरात राहून एखाद्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारा शिक्षक डोळ्यांसमोर आणा. त्याला जिज्ञासा आहे, गणित येते. पण जवळ दुर्बीण नाही आणि शंका विचारायला माणूस नाही. अशा एकाकीपणात बुद्धी हळूहळू गंजते. त्याचे नुकसान केवळ त्या शिक्षकाचे नसते. त्याच्या वर्गात बसणाऱ्या पिढ्यांचेही असते.

ही दरी सांधण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या परिसरात आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, म्हणजेच ‘आयुका’, स्थापन केले. कोल्हापुरात जन्मलेले, वाराणसीत वाढलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक झाले. २००३ पर्यंत त्यांनी ही धुरा वाहिली. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आयुकाची रीत साधी आहे. दूरच्या विद्यापीठांतील शिक्षक तिचे सहयोगी म्हणून निवडले जातात. सवडीच्या काळात ते पुण्याला येतात, वाचतात, चर्चा करतात, संशोधन करतात आणि पुन्हा आपल्या वर्गात परततात. त्यांनी नोकरी सोडावी, अशी अपेक्षा नसते. उलट त्यांनी परत जावे, यातच योजनेचे सार आहे. गोरखपूर, रायपूर, कोची अशा ठिकाणच्या विद्यापीठांतही पुढे आयुकाची केंद्रे निघाली.

साधनांचीही जोड मिळाली. आंबेगाव तालुक्यात गिरवली येथे २ मीटर व्यासाच्या आरशाची आयुकाची दुर्बीण २००६ मध्ये सुरू झाली. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली होती. तिच्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. तिच्यावर वेध घेण्यासाठी कोणत्याही संस्थेतील संशोधक प्रस्ताव पाठवू शकतो. प्रस्तावाची गुणवत्ता पाहून वेळ दिली जाते.

एकलव्याच्या निष्ठेचे आपण कौतुक करतो. पण ज्याला गुरूचे दार बंद आहे, त्याच्यासाठी ते उघडणे हे समाजाचे कर्तव्य आहे. घरी राहून, काम सांभाळून शिकणाऱ्या तुम्हांला हे वेगळे सांगायला नको.

पाठगत प्रश्न

१. ‘एक दरी होती’ असे लेखकाने का म्हटले आहे?
२. सहयोगी शिक्षकांनी आपल्या वर्गात परत जाणे महत्त्वाचे का आहे?
३. ‘धुरा वाहणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
४. तुमच्या शिक्षणात कोणते दार कोणी उघडले? आठ ओळींत लिहा.