धर्मग्रामाची वही आणि सरकारची वही



बाप्तिस्म्याचा दाखला असताना जन्माचा दाखला कशाला, असा प्रश्न अनेक पालक विचारतात. त्याचे उत्तर धर्मग्राम आणि स्थानिक कारभार यांच्या इतिहासात आहे. तो आज थोडक्यात पाहू या.

इंग्लंडमध्ये पूर्वी हे दोन्ही एकच होते. १५३८ साली तेथे प्रत्येक धर्मग्रामाला बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम झाला. रस्त्यांची डागडुजी आणि गोरगरिबांची सोयसुद्धा पुढे धर्मग्रामच पाहू लागला. १८३७ मध्ये सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली. १८९४ च्या कायद्याने खेड्यांचा कारभारही निवडून आलेल्या सभांकडे गेला.

आपल्या भागात मात्र हे दोन्ही पहिल्यापासून वेगळे. आपले कॅथेड्रल ज्या शहरात आहे त्या नागपूरचेच पाहा. तेथील नगरपालिका १८६४ ची, धर्मप्रांत १८८७ चा. महानगरपालिका १९५१ ची, महाधर्मप्रांत १९५३ चा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला; पण महाधर्मप्रांत एकच राहिला. धर्मग्रामाची स्थापना बिशप करतात, असे धर्मविधी संहितेचे कलम ५१५ सांगते. वॉर्डाची हद्द सरकार आखते.

म्हणूनच वह्याही दोन. आमच्या वहीतील नोंद प्रथम कम्युनियन, दृढीकरण आणि चर्चमधील विवाह यांसाठी लागते. जन्माचा कायदेशीर पुरावा मात्र १९६९ च्या कायद्यानुसार होणारी सरकारी नोंद. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी यांसाठी जन्मतारखेचा तोच एक दाखला धरला जातो.

तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जन्म जेथे झाला तेथेच नोंद होते. इस्पितळात जन्म झाल्यास इस्पितळ कळवते, घरी झाल्यास कुटुंबप्रमुखाने २१ दिवसांत कळवावे. वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आणि बाळाचे व आईवडिलांचे नाव दोन्ही वह्यांत सारखेच असावे.

बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला याल तेव्हा जन्माचा दाखला सोबत आणा. दोन्ही नावे आपण तेथेच ताडून पाहू. नाण्याचा दाखला देऊन प्रभू येशूने देवाचे देणे आणि राज्याचे देणे वेगळे दाखवले. बाळाच्या बाबतीत आपण दोन्ही वेळेवर देऊ या.